पेन ड्राइव्हवर ठेवलेली आयएसओ फाइल अर्ध्यावर का थांबते

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. शाळेच्या संगणक कक्षात काही जुने, बायोस (संगणक चालू करणारा जुन्या पद्धतीचा अंगभूत प्रोग्रॅम) असलेले संगणक आणि काही नवे लॅपटॉप आहेत. ६४ जीबीच्या एकाच पेन ड्राइव्हवर उबंटू व डेबियन ही लिनक्स वितरणे, मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्या आयएसओ फायली (म्हणजे इमेजा) ठेवून लागेल ती चालू करता यावी, अशी आपली अपेक्षा आहे. फायली नुसत्या कॉपी केल्या तेव्हा संगणकाने पेन ड्राइव्हची दखलसुद्धा घेतली नाही. नंतर आपण त्यावर ग्रब हा प्रणाली चालू (बूट) करून देणारा प्रोग्रॅम बसवून मेनू लिहिला. मेमटेस्ट तत्काळ चालू झाले. उबंटूचे बोधचिन्ह उमटले, पण थोड्या वेळाने ‘लाइव्ह फाइल सिस्टिम असलेले माध्यम सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबले. आणि जुन्या संगणकावर ग्रबफोरडॉस या तशाच प्रोग्रॅमने विंडोजची इमेज लावली असता स्थापनेचा पहिला पडदा आला खरा, परंतु लगेच कसलासा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) मागण्यात आला. यांतील कोणती फाइल खराब उतरली आहे, असे आपण विचारता.

बहुधा एकही नाही. संगणक चालू होताना डिस्क दोनदा शोधली जाते, आणि हे दोन्ही शोध एकमेकांशी संबंध नसलेले दोन वेगळे प्रोग्रॅम घेतात. पहिला शोध मदरबोर्डवरील फर्मवेअर (बायोससारखा अंगभूत प्रोग्रॅम) घेते आणि दुसरा शोध मेमरीत आलेले कर्नल (प्रणालीचा गाभा) घेते. आपल्या ग्रबने पहिला शोध व्यवस्थित पार पाडून दिला आहे. थांबते आहे ते सारे दुसऱ्या शोधात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील सर्व साधनांची निवड आपोआप समजते, म्हणून आधी तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

आयएसओ फाइल म्हणजे सीडी किंवा डीव्हीडीची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंतची हुबेहूब नक्कल. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटांचा असतो. आयएसओ ९६६० या मानकाने आरंभीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी जागा, प्रणालीच्या वापरासाठी मोकळी सोडली आहे आणि खंडाचे वर्णन त्यानंतर सुरू होते. सीडीवरून संगणक चालू कसा करायचा, हे फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ‘एल टोरिटो’ या नावाने ठरवले. त्यानुसार १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये एक नोंद असते, ती नोंद बूट कॅटलॉगचा पत्ता देते आणि त्या कॅटलॉगमध्ये प्रत्यक्ष बूट होणाऱ्या भागाचा पत्ता असतो. ही सगळी व्यवस्था फर्मवेअर समोरच्या वस्तूला सीडी मानत असेल तेव्हाच उपयोगी पडते.

पेन ड्राइव्हला फर्मवेअर सीडी मानत नाही, हार्ड डिस्क मानते. बायोस असलेला संगणक त्याचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो. त्यात ४४६ बाइटांपर्यंत कोड, मग ६४ बाइटांत चार पार्टिशनांचा (डिस्कच्या विभागांचा) तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची ठरावीक खूण असते. खूण जुळली तर बायोस त्या कोडकडे सूत्रे देऊन मोकळा होतो. यूईएफआय हे नव्या पद्धतीचे फर्मवेअर असलेल्या लॅपटॉपला या कोडशी काही देणेघेणे नसते. तो फॅट (फायली ठेवण्याची एक जुनी रचना) पद्धतीचे पार्टिशन शोधतो, त्यातील ‘ईएफआय’ फोल्डरच्या आत ‘बूट’ नावाचा फोल्डर पाहतो आणि ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर असेल तर तेथील ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल चालवतो. आपण आयएसओ फाइल जशीच्या तशी कॉपी केली तेव्हा फर्मवेअरच्या दृष्टीने ती छायाचित्र किंवा गाण्यासारखीच एक फाइल होती. तिच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची क्षमता फर्मवेअरमध्ये नसते.

येथे एक आनुषंगिक मुद्दा सांगून टाकतो, कारण ६४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर तो हटकून आडवा येतो. ३२ जीबीहून मोठे पेन ड्राइव्ह सहसा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि विंडोजच्या बहुतेक आवृत्त्यांतील नेहमीची फॉरमॅट खिडकी त्या आकारावर फॅट३२ हा पर्यायच दाखवत नाही. यूईएफआयच्या मानकात सक्ती आहे ती फॅटची. एक्सफॅट किंवा एनटीएफएस वाचणारे फर्मवेअर एखाद्या उत्पादकाने दिले तर दिले. त्यामुळे आयएसओतील सर्व फायली अगदी बरोबर उलगडून ठेवल्या, तरी पार्टिशन एक्सफॅट असेल तर पुष्कळ लॅपटॉप त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. रूफससारखे बूट होणारे पेन ड्राइव्ह तयार करणारे साधन, किंवा लिनक्सवरील कोणतेही पार्टिशन साधन, या आकारावर फॅट३२ निमूटपणे करून देते.

आता उबंटूकडे येऊ. आपल्या मेनूतील नोंदीने ग्रबला ‘लूपबॅक’ आज्ञा दिली. तिच्यामुळे ग्रबने आयएसओ फाइल जणू वेगळी डिस्क असल्याप्रमाणे उघडली, तिच्यातील कर्नल आणि इनिटआरडी (कर्नलला सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) मेमरीत आणले आणि कर्नलकडे सूत्रे दिली. त्या क्षणी ग्रब संपले आणि त्याने उघडलेली लूपबॅक डिस्कही त्याच्याबरोबर गेली. कर्नल स्वतःचे यूएसबी ड्रायव्हर चालू करते आणि पेन ड्राइव्ह नव्याने पाहते. त्याला एक पार्टिशन दिसते आणि त्यात चार मोठ्या फायली दिसतात. त्याला हवा असतो ‘कॅस्पर’ नावाचा फोल्डर व त्यातील स्क्वॉशएफएस पद्धतीने दाबून ठेवलेली फाइल सिस्टिम. तो फोल्डर पार्टिशनवर नाही, पार्टिशनवरील आयएसओच्या आत आहे. बदली झालेल्या कारकुनाने नव्या माणसाकडे कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पण दप्तर कोणत्या कपाटात आहे ते सांगितलेच नाही, तशी ही स्थिती आहे. उबंटू सर्व डिस्का धुंडाळते, काही वेळ वाट पाहते आणि माध्यम सापडत नाही असे सांगते. संदेश अक्षरशः खरा आहे.

उपाय त्यामुळे सरळ आहे. मेनूतील कर्नलच्या ओळीत आयएसओचा ठावठिकाणा लिहायचा. उबंटूसाठी ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम’ या नावापुढे बरोबरीचे चिन्ह देऊन फाइलचा मार्ग लिहितात. फेडोराही हाच शब्द ओळखते. डेबियनच्या लाइव्ह (स्थापना न करता थेट चालणाऱ्या) इमेजसाठी ‘फाइंडआयएसओ’ हा शब्द आहे. आर्च लिनक्सला ‘आयएमजी_डेव्ह’ आणि ‘आयएमजी_लूप’ अशा दोन गोष्टी लागतात, एकीत पार्टिशन आणि दुसरीत फाइल. हे सर्व शब्द मेनूत अर्थातच रोमन लहान अक्षरांत टंकायचे. मार्ग त्या पार्टिशनच्या मुळापासून लिहायचा असतो. आपल्या चालू लिनक्सवर पेन ड्राइव्ह ज्या जागी माउंट झाला (जोडला गेला) असेल ती जागा त्यात येत नाही. ही चूक मी इतरांच्या मेनूंमध्ये सर्वाधिक पाहिली आहे. फाइलच्या नावात रिकाम्या जागा असल्या तर त्या काढून टाकाव्यात, कारण कर्नलच्या ओळीत रिकामी जागा म्हणजे पुढील पर्यायाची सुरुवात.

हे शब्द पाठ करण्याची आवश्यकता नाही. अनेक लिनक्स इमेजांमध्ये ‘बूट/ग्रब’ या फोल्डरात ‘लूपबॅक.सीएफजी’ नावाची फाइल असते आणि ती खास याच कामासाठी लिहिलेली असते. आपल्या मेनूने ‘आयएसओ_पाथ’ या चलात आयएसओचा मार्ग ठेवून तो एक्स्पोर्ट केला, लूपबॅक डिस्क हीच मूळ डिस्क असे ठरवले आणि ती फाइल वाचली, म्हणजे बाकीचे ती करते. पुढील आवृत्तीत कर्नलचे नाव किंवा जागा बदलली तरी आपला मेनू बदलावा लागत नाही. हाताने लिहिलेल्या मेनूपेक्षा मी ही पद्धत निःसंशय पसंत करतो.

डेबियनच्या बाबतीत एक फरक ध्यानात घ्यावा. ‘लाइव्ह’ इमेज आणि ‘नेटइन्स्ट’ (नेटवरून फायली आणून स्थापना करणारी) इमेज या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. नेटइन्स्टमधील स्थापक स्वतःचे माध्यम सीडी किंवा त्यासारखेच थेट लिहिलेले माध्यम आहे असे धरून चालतो. पार्टिशनवरील आयएसओ फाइल शोधण्याचा घटक त्याच्या इनिटआरडीमध्ये नसतो. तो घटक डेबियन वेगळ्याने देत असलेल्या ‘एचडी-मीडिया’ संचातील इनिटआरडीमध्ये असतो. म्हणून नेटइन्स्टला कितीही पर्याय लिहून दिले तरी लूपबॅकने तो ‘सीडी सापडली नाही’ असेच म्हणणार. त्या संचातील कर्नल व इनिटआरडी पेन ड्राइव्हवर ठेवून त्यांना चालू केले, की शेजारची आयएसओ ते स्वतः हुडकून काढतात.

मेमटेस्ट का चालले, हेही आता उघड होते. ते एकदा मेमरीत आले की त्याला डिस्कची गरजच नसते, त्यामुळे दुसरा शोध होतच नाही. सिसलिनक्स या बूट साधनांच्या संचातील ‘मेमडिस्क’ या जुन्या साधनाचा गाजावाजाही याच कारणाने फसवा आहे. मेमडिस्क संपूर्ण इमेज मेमरीत घेते आणि बायोसच्या डिस्क सेवेच्या मध्ये बसून ती इमेज म्हणजे डिस्क असल्याचा आभास निर्माण करते. डॉस शेवटपर्यंत बायोसच्याच सेवेतून डिस्क वाचत असल्यामुळे डॉसच्या फ्लॉपी आणि बायोस अद्ययावत करण्याच्या इमेजा त्यातून उत्तम चालतात. लिनक्स आणि आजचे विंडोज एकदा स्वतःचे ड्रायव्हर चालू झाले की बायोसला विचारत नाहीत, आणि आभासी डिस्क त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसते. यूईएफआयवर तर त्या सेवेचाच अभाव आहे.

विंडोजचा प्रकार नेमका हाच आहे, फक्त संदेश दिशाभूल करणारा आहे. ग्रबफोरडॉसने जोडलेल्या आभासी डीव्हीडीवरून ‘बूट.विम’ ही फाइल मेमरीत आली आणि तिच्यातून स्थापनेचे छोटे विंडोज सुरू झाले. आपण पाहिलेला पहिला पडदा तो. त्यानंतर स्थापक ‘सोर्सेस’ फोल्डरातील ‘इन्स्टॉल.विम’ शोधू लागतो. आभासी डीव्हीडी तोवर नाहीशी झालेली असते. आपले माध्यम दिसत नाही याचा स्थापक असा अर्थ लावतो की माध्यमाचा ड्रायव्हर नाही, आणि तो ड्रायव्हर मागतो. चिपसेटचे, यूएसबीचे, कुठलेही ड्रायव्हर त्याला दाखवले तरी तो पुढे जाणार नाही. इतकी वर्षे हा संदेश असंख्य लोकांना ड्रायव्हर शोधायला पिटाळत आला आहे. यूईएफआयवर ग्रबच्या लूपबॅकने हे करून पाहण्यातही अर्थ नाही, कारण ग्रबने उघडलेल्या लूपबॅक डिस्कची फर्मवेअरला काहीच माहिती नसते आणि विंडोजचा बूट प्रोग्रॅम फर्मवेअरकडूनच डिस्क वाचतो.

याच्याशी गल्लत होईल अशी दुसरी स्थिती नव्या लॅपटॉपांवर येते आणि तेथे ड्रायव्हर खरोखरच लागतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत अंतर्गत एसएसडी ‘व्हीएमडी’ या नियंत्रकामागे असते. तेथे स्थापना सुरळीत पुढे जाते, भाषा निवडली जाते, परवान्याचा पडदा येतो, आणि कोणत्या डिस्कवर विंडोज टाकायचे या पडद्यावर यादीच रिकामी असते. अशा वेळी इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उलगडून त्याच पेन ड्राइव्हवर एका फोल्डरात ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ मधून दाखवावा. आरंभीच अडले तर माध्यम हरवले आहे. डिस्कच्या यादीपाशी अडले तर अंतर्गत डिस्क दिसत नाही.

एका पेन ड्राइव्हवर एकच इमेज पुरेशी असेल, तर हा सगळा खटाटोप टाळता येतो. आयएसओमधील पहिली ३२ केबी जागा मोकळी असते हे वर आलेच. सिसलिनक्सचे जनक एच. पीटर अँविन यांच्या प्रकल्पाने ३.७२ या आवृत्तीपासून ‘आयएसओहायब्रिड’ ही युक्ती आणली : त्या मोकळ्या जागेत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर आणि पार्टिशन तक्ता लिहून ठेवायचा, म्हणजे तीच इमेज सीडीवर सीडीसारखी आणि पेन ड्राइव्हवर डिस्कसारखी वाचली जाते. आज बहुतेक लिनक्स वितरणे थॉमस श्मिट यांच्या ‘झोरिसो’ या साधनाने अशाच इमेजा बांधतात आणि यूईएफआयसाठी लागणारे फॅट पार्टिशनही त्यातच गुंफतात. अशी इमेज लिनक्सच्या ‘डीडी’ आज्ञेने, एचर या साधनाने किंवा रूफसच्या डीडी प्रकाराने पेन ड्राइव्हवर थेट लिहिली, की फर्मवेअरचा शोध यशस्वी होतो आणि कर्नललाही आपला फोल्डर डिस्कच्या मुळाशीच सापडतो. दोन्ही शोध एका फटक्यात सुटतात, म्हणून ही पद्धत सर्वांत भरवशाची.

तिच्यातील धोके मात्र खरे आहेत. डीडीला संपूर्ण उपकरणाचे नाव द्यावे लागते, त्यातील पार्टिशनचे नव्हे. आणि चुकीचे नाव दिले तर ती एक अक्षरही न विचारता आपली हार्ड डिस्क पुसते. पेन ड्राइव्ह काढून एकदा आणि लावून एकदा ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी देणारी आज्ञा चालवावी, आकार ताडून पाहावा आणि मगच आज्ञा द्यावी. आज्ञा संपल्यासारखी दिसली तरी लिहायचा मजकूर काही वेळ मेमरीतच पडून असतो, त्यामुळे ‘एफसिंक’चा पर्याय द्यावा किंवा नंतर ‘सिंक’ होऊ द्यावे. लिहून झाल्यावर विंडोज त्या पेन ड्राइव्हचा आकार काही एमबीच दाखवते किंवा फॉरमॅट करू का असे विचारते. पेन ड्राइव्ह खराब झालेला नसतो. विंडोजला त्यावरील छोटे यूईएफआय पार्टिशन तेवढे वाचता येते. विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ साधनामध्ये योग्य डिस्क निवडून ‘क्लीन’ केले की पूर्ण जागा परत मिळते.

विंडोजची इमेज या पद्धतीने चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या आयएसओत यूडीएफ फाइल सिस्टिम असते आणि आरंभीच्या मोकळ्या जागेत डिस्कसाठीचा कोणताही कोड नसतो, त्यामुळे ती डीडीने लिहिली तर बायोस आणि यूईएफआय दोघेही तिला नाकारतात. विंडोजसाठी फायली उलगडाव्या लागतात. यूईएफआयसाठी फॅट३२ पार्टिशनवर सर्व फायली कॉपी करणे एवढेच पुरेसे झाले असते. परंतु फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी इतकी आहे आणि आजकालची ‘इन्स्टॉल.विम’ ती ओलांडते. यातून दोन वाटा निघतात. विंडोजच्या ‘डिझम’ने किंवा लिनक्सवरील ‘विमलिब’ने त्या फाइलचे ‘एसडब्ल्यूएम’ तुकडे करता येतात आणि स्थापक ते स्वतःच जोडून घेतो. दुसरी वाट रूफसची : मुख्य पार्टिशन एनटीएफएस, आणि शेवटी एक छोटे फॅट पार्टिशन, ज्यात यूईएफआयला एनटीएफएस वाचायला शिकवणारा ड्रायव्हर असतो. जुन्या आणि नव्या अशा मिश्र संगणकांसाठी तुकड्यांची वाट मला अधिक सोपी वाटते, कारण तिच्यात फर्मवेअरला नवीन काही शिकवावे लागत नाही.

फायली उलगडण्याची पद्धत लिनक्सलाही लावता येते, पण तेथे लेबल आडवे येते. फेडोरासारखी वितरणे आपले माध्यम डिस्कच्या लेबलावरून ओळखतात. कर्नलच्या ओळीत ते लेबल लिहिलेले असते. फॅट३२चे लेबल ११ अक्षरांपलीकडे जात नाही आणि फेडोराचे लेबल त्याहून लांब असते, त्यामुळे फायली कॉपी करूनही माध्यम सापडत नाही आणि ड्रॅकट (फेडोराच्या इनिटआरडीमधील प्रोग्रॅम) बराच वेळ वाट पाहून आपत्कालीन शेल (आज्ञा टंकायचा पडदा) उघडतो. रूफस मेनूतील लेबल बदलून ही अडचण सोडवते. हाताने कॉपी करणाऱ्याने तेच स्वतः करावे. आर्च लिनक्सचे अनेक वर्षे चाललेले लेबल, वितरणाचे नाव आणि वर्ष-महिना, मोजून ११ अक्षरांत बसत असे.

आता आपल्या मूळ इच्छेविषयी, म्हणजे एका पेन ड्राइव्हवर अनेक इमेजांविषयी. आजच्या घडीला मी व्हेंटॉय हे साधन सुचवीन. ते पेन ड्राइव्हवर दोन पार्टिशने करते. पहिले मोठे, सहसा एक्सफॅट, ज्यात आपण आयएसओ फायली नुसत्या टाकायच्या. दुसरे ३२ एमबीचे फॅट, ज्यात त्याचे स्वतःचे प्रोग्रॅम असतात. फर्मवेअरला फॅट पार्टिशन मिळते, त्यामुळे एक्सफॅटची अडचण उरत नाही. दुसरा शोध ते कसा सोडवते हे विशेष पाहण्यासारखे आहे : लिनक्स इमेजच्या इनिटआरडीबरोबर ते आपला तुकडा मेमरीत घुसवते आणि कर्नल चालू झाल्यावर डिव्हाइस मॅपर या कर्नलच्या सुविधेच्या साहाय्याने पेन ड्राइव्हवरील आयएसओचे तुकडे जोडून एक डिस्क उभी करून देते. विंडोजच्या बाबतीत स्थापनेच्या छोट्या विंडोजमध्ये आपला मदतनीस घालून आयएसओ तेथे पुन्हा माउंट करते. म्हणजे ग्रबने अर्धवट सोडलेले काम ते वितरणाच्या पोटात शिरून पूर्ण करते. याची किंमत अशी की चालू झालेली प्रणाली काटेकोरपणे तिच्या निर्मात्यांनी दिलेली राहत नाही, आणि व्हेंटॉयच्या स्रोतसंग्रहात आधीच बांधून ठेवलेल्या बायनरी फायली असल्याबद्दल काही जाणकारांचा आक्षेप आहे. संगणक कक्षातील दुरुस्तीसाठी मी ते निर्धास्त वापरीन. बँकेच्या किंवा इतर संवेदनशील कामाच्या संगणकावर प्रणाली टाकताना मात्र एक इमेज थेट लिहिलेला वेगळा पेन ड्राइव्ह घेईन.

जुन्या संगणकांविषयी थोडे. बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी किंवा यूएसबी-झिप असे पर्याय दिसले तर यूएसबी-एचडीडी निवडावा. पार्टिशन तक्ता एमबीआर (वर सांगितलेल्या पहिल्या सेक्टरमधील) पद्धतीचा ठेवावा, कारण काही जुने बायोस जीपीटी ही नवी पद्धत पाहून गोंधळतात. काही बायोस यूएसबीवर १३७ जीबीपलीकडचे वाचूच शकत नाहीत. सेक्टरचा क्रमांक २८ बिटांत मावला पाहिजे ही ती मर्यादा. ६४ जीबीवर तिचा प्रश्न येत नाही, उद्या मोठा घेतला तर येईल. ग्रबफोरडॉस वापरायचेच असेल तर फाइल डिस्कवर सलग असावी लागते. तुकड्यांत विखुरलेली असेल तर ते त्रुटी ६० दाखवते.

नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूटचा (मान्य स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम चालू न देणाऱ्या सोयीचा) अडसर येतो. प्रमुख लिनक्स वितरणांचा ‘शिम’ हा पहिला छोटा बूट प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टने स्वाक्षरीत केलेला असतो, त्यामुळे त्यांच्या थेट लिहिलेल्या इमेजा सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. व्हेंटॉयची चावी प्रत्येक संगणकावर पहिल्या वेळी नोंदवावी लागते आणि त्यासाठी एक निळा पडदा येतो. त्याला घाबरू नये. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या अद्यतनानंतर जुने शिम नाकारले जाऊ लागले आणि शिमची एसबॅट (जुन्या आवृत्त्या नाकारणारी) तपासणी असफल झाल्याचा संदेश अनेकांना दिसू लागला. वर्षानुवर्षे चाललेला पेन ड्राइव्ह अचानक असे म्हणू लागला तर वितरणाची ताजी इमेज घ्यावी. सिक्युअर बूट बंद करणे हा तात्पुरता उपाय आहे, पण त्याआधी एक काम अवश्य करावे : त्या लॅपटॉपची बिटलॉकर पुनर्प्राप्ती चावी लिहून घ्यावी. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांवर डिस्कचे कूटबद्धीकरण मालकाच्या नकळत चालू झालेले असते, आणि फर्मवेअरमधील ही एक सेटिंग बदलताच पुढच्या वेळी ४८ अंकी चावी मागितली जाते. चावी मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खाते कोणत्या शिक्षकाचे होते हे कोणाला आठवत नसेल तर डिस्कवरील मजकूर गेला म्हणून समजावे.

बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा आरंभी यूईएफआय असे लिहून आणि एकदा नुसता. संगणकात आधीची प्रणाली ज्या पद्धतीने टाकलेली असेल तीच निवडावी. नाहीतर विंडोजचा स्थापक डिस्क जीपीटी आहे किंवा एमबीआर आहे म्हणून नकार देतो आणि लोक ती डिस्क उगाच पुसून टाकतात.

फाइल खरोखरच खराब असण्याची शक्यता शून्य नाही, म्हणून वितरणाने दिलेली एसएचए२५६ बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) एकदा ताडून पाहावी. फसव्या क्षमतेचे पेन ड्राइव्हही बाजारात मिळतात. वर ६४ जीबी लिहिलेले असते आणि आत ८ जीबी असते. पहिल्या काही फायली नीट बसतात, पुढच्या बसल्यासारख्या दिसतात. लिनक्सवर ‘एफ३’ आणि विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ ही साधने संपूर्ण क्षमता लिहून आणि वाचून पाहतात. नव्या पेन ड्राइव्हवर इमेजा टाकण्यापूर्वी ही चाचणी करणे शहाणपणाचे, कारण नंतर ती केली तर आधीचा मजकूर पुसावा लागतो.

इतके करूनही उबंटू किंवा डेबियन इनिटआरएएमएफएसच्या (म्हणजे इनिटआरडीच्या) शेलमध्ये येऊन थांबले, तर संगणक लगेच बंद करू नये. निदानाची सर्वोत्तम जागा तीच आहे. ‘ब्लकआयडी’ ही पार्टिशनांची यादी देणारी आज्ञा चालवून पाहावी. पेन ड्राइव्हचे पार्टिशन यादीत असेल तर ड्रायव्हरचा प्रश्न नाही, आयएसओचा मार्ग किंवा लेबल चुकले आहे; ‘प्रॉक’ फोल्डरातील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल वाचली की कर्नलपर्यंत प्रत्यक्षात काय पोचले ते अक्षरशः दिसते. पार्टिशन यादीतच नसेल तर पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये, शक्यतो यूएसबी २ च्या, लावून पाहावा.

आपल्या कक्षासाठी आणखी एक पर्याय उपयोगी पडेल. डेबियनच्या लाइव्ह इमेजला आणि उबंटूलाही कर्नलच्या ओळीत ‘टूरॅम’ लिहिले, की संपूर्ण प्रणाली मेमरीत घेतली जाते आणि त्यानंतर पेन ड्राइव्ह काढून पुढच्या संगणकाला लावता येतो. एकाच पेन ड्राइव्हने ओळीने सर्व संगणक चालू करता येतात. इमेजहून मेमरी बरीच अधिक असावी लागते. उबंटूची सध्याची डेस्कटॉप इमेज ५ जीबीहून मोठी आहे, त्यामुळे ४ जीबी मेमरीच्या जुन्या संगणकांसाठी एक्सएफसीई (एक हलका डेस्कटॉप) किंवा त्याहून हलकी डेबियन लाइव्ह इमेज निवडावी. ग्रबच्या लूपबॅकने उबंटू चालू केले असेल तर मेमरीत उतरल्यानंतरही पेन ड्राइव्ह ‘आयएसओडिव्हाइस’ या जागी माउंटच राहतो. काढण्यापूर्वी तो हाताने अनमाउंट करावा.